धूप कुठे जातो ते पाहा, फादर

दि. १३ डिसेंबर २०२१

प्रति,
आमच्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू,
तसेच पालकीय समिती आणि आर्थिक समितीचे सर्व सन्माननीय सभासद यांस,

खिडक्या अजून बंदच आहेत.

काल आगमनकाळातला तिसरा रविवार. सातच्या मिस्साला मी डाव्या बाजूच्या नवव्या बाकावर बसले होते. गुलाबी मेणबत्ती पेटली. पासष्ट मिनिटं मिस्सा चालली आणि तेवढ्या वेळात मेणबत्तीची ज्योत एकदाही थरथरली नाही. तुम्ही वेदीला धूप दिलात. धूर वर गेला, फॉल्स सीलिंगला अडला, आडवा पसरला आणि तिथेच बसून राहिला. प्रवचन झालं, दानपेटी फिरली, कम्युनियन झालं, तरी धूर आमच्या डोक्यावर होताच. शेवटचा आशीर्वाद आम्ही त्याच्यासकट घेतला. तुम्हाला सुगंध आला असेल. मला भीती वाटली.

का वाटली ते सांगते. मी सिस्टर आहे, मठातली नव्हे, सुई टोचणारी. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी ३१ वर्षं नोकरी केली आणि त्यातली ९ वर्षं क्षयरोगाच्या वॉर्डात काढली. आमच्या मेट्रन पेटती उदबत्ती घेऊन खाटांच्या मधून फिरायच्या. नवीन पोरींना वाटायचं, बाई देवभोळ्या आहेत. त्या धुरावर नजर ठेवून असायच्या. धूर कुठल्या खिडकीतून बाहेर पडतो, कुठल्या कोपऱ्यात घुटमळतो? जिथे घुटमळला तिथली खाट हलायची. रुग्ण थंडीने कुरकुरला तर त्याला दुसरं ब्लँकेट मिळायचं, खिडकी मात्र बंद व्हायची नाही. त्या ९ वर्षांत मला क्षयरोग झाला नाही. श्रेय मी देवाला देते आणि त्याच्या खालोखाल त्या खिडक्यांना.

हे सगळं तुम्ही आधी वाचलेलं आहे. निदान तुमच्या ऑफिसातल्या फायलीने तरी वाचलं असेल. सरकारने १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली आणि माझं पहिलं पत्र गेलं २२ नोव्हेंबरला, ख्रिस्तराजाच्या सणाला. दुसरं गेलं १० जानेवारीला, तिसरं २१ मार्चला. मग कोविडची दुसरी लाट आली, दारं पुन्हा बंद झाली. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, ती उघडली आणि १७ ऑक्टोबरला मी चौथं पत्र दिलं. पाचवं १४ नोव्हेंबरचं. या पाच पत्रांना मिळून एक उत्तर आलं, तेही तोंडी, चर्चच्या पायरीवर, दुसऱ्या कुणाशी तरी बोलता बोलता: ‘सिस्टर, आपण सगळी काळजी घेतली आहे.’ म्हणून हे सहावं पत्र मी फायलीत न देता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

सगळी काळजी. बघू या.

पहिली काळजी म्हणजे तो बोगदा. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रवेशद्वारापाशी औषध फवारणारी कमान उभी राहिली, तिच्यावर ४२ हजार रुपये खर्च झाले आणि उद्घाटनाला रिबीनही कापली. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, त्याने फायदा नाही, अपाय होऊ शकतो, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच सांगून ठेवलं होतं. म्हणजे आपण सात महिने उशिरा चूक केली, आणि विकत घेऊन केली. ती कमान आता ग्रोटोच्या मागे गंजते आहे. पावसाळ्यात तिच्यावर कारल्याचा वेल चढला, तेवढा तिचा उपयोग झाला.

दुसरी काळजी तापाची बंदूक. दारातला स्वयंसेवक ती माझ्या मनगटावर रोखतो आणि ती ३३ अंश दाखवते. तो मान डोलावून मला आत सोडतो. नोकरीत मी ३३ अंशांची माणसं पाहिली आहेत फादर, पण ती चालत येत नसत. बंदूक अगदी बिनचूक असती तरी फरक पडला नसता, कारण या रोगात ताप यायच्या आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देतो, आणि काहींना ताप येतच नाही.

तिसरी सॅनिटायझरची बाटली. तिच्याशी माझं भांडण नाही. हात स्वच्छ असणं केव्हाही चांगलं. पण हा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो, हाताला लागून फार थोडा. चौथी, एकाआड एक बाकावर लावलेली पिवळी पट्टी. गर्दी नसते तेव्हा ती पाळली जाते. गर्दी झाली की तोच स्वयंसेवक खुणा करून पट्टीच्या बाकावरही माणसं बसवतो. तीर्थाची पात्रं कोरडी ठेवलीत, प्रार्थनेची पुस्तकं उचललीत, हस्तांदोलनाऐवजी नमस्कार सुरू केलात, हे सगळं ठीक आहे. ज्या ज्या गोष्टीला हात लागतो तिची व्यवस्था झाली. हवेला हात लागत नाही, म्हणून ती राहून गेली असावी.

आता हिशेब मांडते. आर्थिक समितीत हिशेबाची माणसं आहेत, त्यांनी तपासावा.

आपलं चर्च १०० फूट लांब आणि ४० फूट रुंद. मूळ छताची उंची ३० फूट. म्हणजे आत १ लाख २० हजार घनफूट हवा मावायची. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिळून १२ खिडक्या, प्रत्येक ६ फूट बाय ४ फूट, आणि त्यांच्या वर झरोके. २०१८ मध्ये एसी बसवले. एसीचं बिल कमी यावं म्हणून १६ फुटांवर फॉल्स सीलिंग टाकलं, झरोके त्याच्या वर अडकले, हवा उरली ६४ हजार घनफूट. गारवा निसटू नये म्हणून १२ पैकी १० खिडक्यांच्या चौकटींत फोम भरून स्क्रू मारले. उरलेल्या दोन उघडतात, पण एकीपुढे गायकवृंदाचा स्पीकर आहे आणि दुसरीपुढे एसी-दात्यांच्या नावांचा फलक.

काल सातच्या मिस्साला मी डोकी मोजली. ३२० भरली. बंद जागेतल्या कार्यक्रमाला निम्म्या क्षमतेची मर्यादा आहे, आपली बाकं ३६० माणसांची आहेत, म्हणजे १८० हवेत. ते सोडून देऊ. ३२० माणसांत ६४ हजार घनफूट वाटली तर माणशी २०० घनफूट येते. जुन्या छताखाली तीच माणसं बसली असती तर माणशी ३७५ आली असती. छत खाली आणून आपण जवळजवळ निम्मी हवा गमावली, आणि उरलेली बदलायची सोयही बंद केली.

माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचं एक छोटं यंत्र आणून दिलं. ते मी पर्समध्ये घेऊन बसते, जपमाळेच्या शेजारी. काल बाहेर वडाखाली त्याने ४२० पीपीएम दाखवलं. सातच्या मिस्साच्या सुरुवातीला आत ७०० होतं, कारण साडेपाचच्या मिस्साची माणसं आपला श्वास मागे ठेवून गेली होती. प्रवचन संपताना १,५००. शेवटच्या आशीर्वादाला २,३००. कार्बन डायऑक्साइडने कोविड होत नाही, हे मला ठाऊक आहे, कृपया पुढच्या सभेत कुणी हात वर करून सांगू नये. पण त्या बंद खोलीत तो माणसांच्या फुप्फुसांतूनच आलेला असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो साधारण ४० हजार पीपीएम असतो. म्हणजे २,३०० चा अर्थ असा की आशीर्वाद घेताना मी ओढलेल्या प्रत्येक वीस श्वासांतला जवळजवळ एक श्वास आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून जाऊन आलेला होता. ‘एकमेकांना शांती द्या’ असं तुम्ही म्हणता तेव्हा आम्ही नेमकं काय काय देतो, ते एवढ्यावरून कळावं.

जागतिक आरोग्य संघटनेने यंदा मार्चमध्ये अशा जागांसाठी किमान आकडा दिला आहे: दर माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा. ३२० माणसांना ३,२०० लिटर. केवढा खर्च येईल, असं तुम्हाला वाटलं असेल. खिडक्यांचा हिशेब करू. एका बाजूच्या सहा खिडक्यांचं क्षेत्रफळ १४४ चौरस फूट, म्हणजे सुमारे १३.४ चौरस मीटर. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या असतील तर याच संघटनेच्या ढोबळ सूत्रात हे क्षेत्रफळ वाऱ्याच्या वेगाने गुणून त्याचे ६५ टक्के धरतात. वारा अगदी मंद धरला, सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे पान जेमतेम हलेल इतका, तरी सेकंदाला ४,३०० लिटरच्या वर हवा आरपार जाते. माणशी १३ लिटर. लागतात १०. वसईचा वारा इतका मंद क्वचितच असतो, हे इथल्या कोणत्याही कोळ्याला विचारा.

खर्च: एक स्क्रू-ड्रायव्हर.

यात मोठा शोध काहीच नाही. आपले पूर्वज हे जाणून होते, म्हणून तर त्यांनी एवढं उंच छत आणि एवढ्या मोठ्या खिडक्या बांधल्या. पेरू देशातल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांची हवा मोजली गेली आणि २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारं उघडली की पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, उंच छताच्या इमारतींत तासाला ४० वेळा हवा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा आणि यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. क्षयरोगाच्या वॉर्डात काम केलेल्या आम्हा बायकांना तो अभ्यास वाचून इतकंच वाटलं, की चला, आमच्या मेट्रनबाईंची उदबत्ती छापून आली.

एसीविषयी एक गैरसमज समितीत घट्ट बसलेला दिसतो. एसी चालू असला की हवा ‘शुद्ध’ होते, असं आर्थिक समितीच्या एका सभासदांनी मला ऐकवलं. आपल्याकडचे एसी बाहेरची हवा आत घेत नाहीत. आतलीच हवा ओढतात, गार करतात आणि परत आपल्याच तोंडावर सोडतात. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरात एका हॉटेलात तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. एसी तीच हवा फिरवत होता, ताजी हवा नव्हती. तीन टेबलांवर मिळून १० जण आजारी पडले. त्यांनी मिळून एकही भजन म्हटलं नव्हतं.

कबुलीही देते. एसी-दात्यांच्या फलकावर माझं नाव आहे. माझे यजमान गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ मी ५ हजार रुपये दिले होते. मे महिन्यात लग्नाच्या मिस्साला म्हाताऱ्या बायका लुगड्याच्या पदराने वारा घेत बसायच्या, ते बघवायचं नाही. तेव्हा एसी मला पुण्यकर्म वाटलं होतं. तुमच्याइतकीच मीही चुकले. फरक एवढाच, की मी ते मार्च २०२० मध्ये ओळखलं आणि तुम्ही डिसेंबर २०२१ मध्येही ‘विचाराधीन’ ठेवलं आहे.

आता गायकवृंद. पोरं गुणी आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ती वरच्या माळ्यावर दाटीने उभी राहतात, गाताना मास्क हनुवटीवर उतरवतात आणि एकच माइक हातोहात फिरतो. सिडनीतल्या एका चर्चमध्ये जुलै २०२० मध्ये काय झालं ते मी तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं, पुन्हा लिहिते. गायकवृंदातली एक संसर्ग झालेली व्यक्ती चार उपासनांना गायली, लोकांपासून वेगळी, सुमारे ३ मीटर उंचावर. दारं-खिडक्या बहुतेक बंद, पंखे बंद, मास्क नाहीत. उपासनांना आलेल्यांपैकी १२ जणांना लागण झाली, आणि ते बसले होते त्या गायकापासून १ ते १५ मीटरवर. पंधरा मीटर, फादर. आपल्या माळ्यापासून माझ्या नवव्या बाकापर्यंत तेवढंच अंतर भरेल. आपली पिवळी पट्टी त्यात कुठे बसवायची? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाचा सराव १० मार्च २०२० ला झाला. ६१ जण होते, अडीच तास गायले, मूळ रुग्ण धरून ५३ आजारी पडले, दोघे मेले. त्यांनी सॅनिटायझर वापरलं होतं, गळाभेट टाळली होती. सगळी काळजी घेतली होती.

आणि हे चर्चच्या फाटकाशी थांबत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका खेड्यातल्या चर्चला मार्च २०२० च्या एका आठवड्यात ९२ माणसं गेली. ३५ जणांना लागण झाली, तिघे दगावले. त्यांच्याकडून चर्चला न गेलेल्या आणखी २६ जणांपर्यंत रोग पोचला, आणि त्यांच्यातलं एक माणूस गेलं. आपल्या चर्चबाहेर रिक्षावाले उभे असतात, मासळीवाल्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपली मिस्सा ऐकलेलीही नाही.

सरकारी कागद तरी वाचावा. केंद्राने ४ जून २०२० ला प्रार्थनास्थळांसाठी नियम काढले. त्यातलं सहा फूट अंतर, चपला, तीर्थ-प्रसाद हे सगळं आपल्या नोटीस बोर्डावर लागलं. त्याच कागदात लिहिलं आहे की गायकवृंदाला परवानगी नसावी, ध्वनिमुद्रित गाणी लावावीत. त्याच कागदात लिहिलं आहे की एसी २४ ते ३० अंशांवर ठेवावा, बाहेरची ताजी हवा जास्तीत जास्त आत घ्यावी आणि हवा आरपार खेळती राहील हे पाहावं. हे नेमकं नोटीस बोर्डावर आलं नाही. कदाचित पान उलटायचं राहिलं असेल. यंदा १९ मे रोजी भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने साध्या भाषेत पत्रक काढलं: मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या-दारं उघडी ठेवा. ते पत्रक मी चौथ्या पत्राला टाचणीने जोडलं होतं. टाचणी तरी शिल्लक असेल.

एप्रिलबद्दल लिहायचं की नाही, यावर मी रात्रभर विचार केला.

यंदाचा ईस्टर ४ एप्रिलला होता. ५ एप्रिलला रात्री आठपासून राज्यातली प्रार्थनास्थळं बंद झाली. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, आपल्या चर्चमध्ये तीन मिस्सा लागोपाठ झाल्या, मध्ये वीस-वीस मिनिटं, खिडक्या बंद, एसी चालू. तेव्हा माझ्याकडे यंत्र नव्हतं, त्यामुळे आकडा देत नाही. आमच्या आळीत २६ घरं आहेत. एप्रिल आणि मे मिळून १७ घरांत रुग्ण निघाले, चार माणसं गेली. माझी नणंद त्यांत एक. १९ एप्रिलला गेली. कफनावर फूल ठेवायला आम्ही पाचजण होतो, आणि दफनाच्या वेळी तुम्ही पीपीई घालून उन्हात उभे होतात, घाम तुमच्या चष्म्यातून खाली येत होता. ते मी विसरलेले नाही. त्या महिन्यात तुम्ही एकाही दफनाला नाही म्हटलं नाहीत, हे या पत्रात लिहिलं नाही तर मी खोटारडी ठरेन.

पण हेही लिहिते. माझ्या नणंदेला लागण कुठे झाली, मला ठाऊक नाही. बाजारात, बँकेत, घरात, कुठेही झाली असेल. चर्चमध्ये झाली असं मी म्हणत नाही. चर्चमध्ये झाली नाही, असं तुम्हीही म्हणू शकत नाही. आणि तुमच्या ऑफिसात २१ मार्चचं माझं पत्र पडलेलं होतं.

आता तुमच्या बाजूची कारणं. कबुतरं आत येतात. बाजारातून तारेची जाळी आणा, वॉर्डात आम्ही तेच केलं. रस्त्याचा आवाज येतो. येऊ दे, रस्त्यावर माणसंच राहतात. एसीला पैसे दिलेले लोक नाराज होतील. एक दात्री हे पत्र लिहिते आहे. सगळ्यांनी लस घेतली आहे. घेतली, मीही दोन्ही घेतल्या, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांना तुम्ही वेदीवरून खडसावलंत ते उत्तम केलंत. लशीमुळे मरण टळण्याची शक्यता खूप वाढते, पण लागण व्हायची राहत नाही, आणि आपल्या बाकांवर ऐंशीच्या पुढच्या बायका बसतात, किमोथेरपी चालू असलेली दोन माणसं बसतात, मूत्रपिंड बदललेला एक मुलगा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबरला ओमिक्रॉन या कोविडच्या नव्या प्रकाराचं नाव जाहीर केलं, ४ डिसेंबरला तो डोंबिवलीत सापडला. डोंबिवली आपल्यापासून किती लांब आहे, हे लोकलने जाणाऱ्यांना विचारा.

‘लोकांना चर्चमध्ये यायचं आहे सिस्टर, तुम्ही त्यांना घाबरवता,’ असंही कानावर आलं. मला चर्चमध्ये यायचं नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? २०२० मध्ये ‘६५ वर्षांवरच्यांनी घरी थांबावे’ ही सूचना निघाली तेव्हा मी ६६ वर्षांची होते. आठ महिने मी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून मिस्सा पाहिली. स्वयंपाकघरात मेणबत्ती लावायचे, डोक्यावर ओढणी घ्यायचे, ‘आमेन’ मोठ्याने म्हणायचे, आणि नेमक्या कम्युनियनच्या वेळी नेटवर्क जायचं. त्या आठ महिन्यांत मला काय लागत होतं ते माझं मला ठाऊक. मी परत आले ती शेवटच्या दिवसापर्यंत येत राहण्यासाठी, आणि तो दिवस जरा लांबवायचा आहे, एवढंच.

बाहेर प्रार्थना करणं आपल्याला नवं आहे का? १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत, बांद्र्यात, गल्ल्यांच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले, त्यातले कितीतरी आजही तिथेच आहेत. लोक उघड्यावर गुडघे टेकून जपमाळ म्हणत. आपल्या आळ्यांतल्या क्रुसांपाशी आपण आजही मे महिन्यात तेच करतो. आणि तुम्ही दरवर्षी ४ नोव्हेंबरला ज्यांचा सण पाळता ते संत चार्ल्स बोरोमिओ १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप होते. त्यांनी चौकाचौकांत वेद्या मांडल्या, म्हणजे घरात अडकलेल्या लोकांना आपापल्या खिडकीतून मिस्सा दिसेल. त्यांनी मिरवणुकाही काढल्या, त्याबद्दल एक नर्स म्हणून मी त्यांचं कौतुक करणार नाही. पण खिडकीचा उपयोग त्यांना कळला होता. त्या काळी जंतू कुणी पाहिलाही नव्हता. गेल्या वर्षी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त गर्दीविना, पडद्यावर झालं. माउंट मेरीची जत्रा दोन वर्षं भरली नाही. एवढ्या मोठ्यांना जमतं, आपल्याला दहा खिडक्यांचे स्क्रू निघत नाहीत.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. रविवार १९ डिसेंबरच्या आत दहाही खिडक्या उघडा, फलक आणि स्पीकर हलवा, दोन मिस्सांमध्ये पाऊण तास ठेवा. गायकवृंद चारजणांचा, मास्कसह, किंवा पटांगणात. नाताळची रात्रीची मिस्सा नेहमीसारखी बाहेर घ्या. यंदा गारठ्याचं कारण सांगून ती आत घ्यायचं घाटतं आहे, असं ऐकते. वसईतल्या गारठ्याने कुणी मेल्याचं माझ्या नोकरीत तरी नोंदलेलं नाही. मांडव घातलात तर छप्पर असू दे, पण कनाती लावू नका. चारी बाजूंनी कनाती लावलेला मांडव म्हणजे कापडाचं चर्च, खिडक्या नसलेलं. फॉल्स सीलिंगचं पुढच्या वर्षी पाहू, त्यासाठी मी पुन्हा ५ हजार देईन, काढण्यासाठी.

माझा भाचा सुतार आहे. शनिवारी १८ तारखेला सकाळी साडेआठला, पहिल्या मिस्सानंतर, तो हत्यारं घेऊन मागच्या दाराशी येईल. दहा खिडक्यांना दोन तास लागतील, असं त्याचं म्हणणं. मजुरी घेणार नाही, चहा द्यावा. शिडी आपलीच लागेल, ती तुमच्या गॅरेजमध्ये त्या बोगद्याच्या पाइपांखाली आहे. कुलपाची किल्ली ऑफिसात असते. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही एवढं चिठ्ठीवर लिहून नोटीस बोर्डावर लावा. नाही असेल तर खाली सह्या असाव्यात, म्हणजे कुणी कुणी नाही म्हटलं ते कळेल.

आपली नम्र,
एसी-दात्यांच्या फलकावर खालून चौथी